लीळाचरित्राचा भूगोल
महाविद्यालयीन मराठीच्या वर्गांत संगणकीय नकाशांचा उपयोग

मराठीच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांना लीळाचरित्रांतील वेंचे नेमलेले असतात. विद्यार्थी ते वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ टिपून घेतात, म्हाइंभटांच्या गद्याच्या साधेपणाविषयीं चार वाक्यें तयार करतात आणि परीक्षेस बसतात. लीळेच्या आरंभीं आलेलें गांवाचें नांव मात्र ते बहुधा तसेंच ओलांडून पुढें जातात. कारण त्या नांवाचें काय करावयाचें हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें. टीपेंत 'एक गांव' एवढा अर्थ दिलेला असला म्हणजे विद्यार्थ्याचें समाधान होतें, व खरें बोलावयाचें तर शिक्षकाचेंहि होतें. परंतु ज्या ग्रंथाच्या कर्त्यानें प्रत्येक प्रसंग कोणापुढें घडला व कोठें घडला हें जाणत्यांस विचारून विचारून लिहून ठेविलें, त्या ग्रंथाच्या बाबतींत ही उपेक्षा बरी नव्हे. नकाशा तयार करण्याचीं संगणकीय साधनें गेल्या वीस वर्षांत विनामूल्य व सामान्य शिक्षकाच्या आटोक्यांत आलीं आहेत. वाङ्मयाच्या वर्गांत तीं कशीं वापरावीं, त्यांपासून काय लाभतें व फसगत कोठें होते, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांचा या प्रश्नाशीं संबंध काय, अशी शंका प्रथम येईल; तिचें उत्तर लेखाच्या ओघांत मिळेल.

प्रथम ग्रंथासंबंधीं थोडें. शके १२०० च्या सुमारास ऋद्धिपुरीं, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास, म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या आठवणी संकलित केल्या. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे या ग्रंथाचे तीन भाग आहेत. खलजींच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली व पुढें निरनिराळ्या मंडळींनीं आपापल्या स्मरणांतून ती पुन्हा उभी केली, असें पंथाची परंपरा सांगते. आज जे अनेक पाठ आढळतात त्यांचें मूळ यांत आहे. ह. ना. नेने यांनीं नागपुराहून १९३६ पासून हा ग्रंथ भागशः छापण्यास आरंभ केला, डॉ. वि. भि. कोलते यांची एकत्रित आवृत्ति महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृति मंडळानें १९७८ सालीं काढली. दोहोंत लीळांचे अनुक्रमांक जुळत नाहींत, ही गोष्ट पुढें कामीं येणार आहे म्हणून येथेंच नमूद करून ठेवितों.

लीळाचरित्राच्या जोडीस 'स्थानपोथी' हा चौदाव्या शतकांतला, परंपरेनें मुनिव्यासांचा मानलेला ग्रंथ आहे. तोहि कोलत्यांनींच संपादिला. श्रीचक्रधर जेथें जेथें राहिले, बसले, जेवले, निजले, त्या जागा या पोथींत गांववार दिल्या आहेत. कोणतें देऊळ, त्याचें तोंड कोणत्या दिशेस, पौळीचें दार कोठें, पटिसाळ कोणत्या अंगास, आणि त्या देवळापासून दुसरें देऊळ कोणत्या कोपऱ्यास, असें मोजून मापून सांगणारा दुसरा जुना मराठी ग्रंथ माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. यांतील पुष्कळ देवळें आज उभीं नाहींत. कित्येकांच्या जागीं नुसता ओटा राहिला आहे. यादवकालीन गांवाची अंतर्गत रचना कशी होती, हें जाणून घेऊं इच्छिणाऱ्यास ही रूक्ष दिसणारी पोथी म्हणजे एक खाणच आहे. वाङ्मयाच्या अभ्यासक्रमांत मात्र तिला जागा मिळत नाहीं, कारण तींत 'वाङ्मय' नाहीं असें समजलें जातें.

आतां साधनाकडे वळूं. संगणकीय नकाशा म्हणजे कागदी नकाशाचें पडद्यावर उमटविलेलें चित्र, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. संगणकीय नकाशाचा गाभा म्हणजे एक तक्ता. तक्त्यांतील प्रत्येक ओळीस अक्षांश व रेखांश असे दोन आंकडे जोडलेले असतात. बाकीच्या स्तंभांत आपल्यास हवी ती माहिती भरावी. पडद्यावर दिसणारें टिंब हें त्या ओळीचें केवळ तोंड होय. एकावर एक असे अनेक तक्ते, म्हणजे या विषयाच्या परिभाषेंत थर, रचतां येतात. नको तो थर झांकतां येतो. एकदां भरलेली माहिती वाटेल त्या क्रमानें लावून पाहतां येते : पाठवार, भागवार, ऋतुवार, पात्रवार. या कामीं क्यूजीआयएस नांवाची आज्ञावली विनामूल्य मिळते. नुसतीं टिंबें ठेवून दाखवावयाचीं तर गूगल अर्थ पुरतें. पायाचा नकाशा म्हणून लोकांनीं मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप किंवा इस्रोचें भुवन घेतां येतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें भारत सरकारनें नकाशांवरील निर्बंध पुष्कळ सैल केल्यामुळें महाविद्यालयांस आतां पूर्वीसारखी अडचण उरली नाहीं.

वाङ्मय नकाशावर मांडण्याची कल्पना युरोपांत नवी नाहीं. फ्रांको मोरेत्ती यांनीं एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय कादंबऱ्यांचा नकाशासंग्रह १९९० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केला. पुढें इंग्लंडांत लँकेस्टर येथील विद्यापीठांत टॉमस ग्रे या कवीचा १७६९ चा व कोलरिजचा १८०२ चा सरोवर-प्रांतांतील प्रवास संगणकावर एकापुढें एक मांडून दाखविण्यांत आला. एकाच प्रदेशांतून एकजण रस्त्यानें कसा गेला व दुसरा डोंगरमाथ्यांवरून कसा भटकला, हें तेथें नजरेंत भरतें. तथापि त्या दोघांचा मजकूर त्यांच्याच हातचा आहे. आपल्याकडील प्रश्न पाठभेदांचा असल्यामुळें अधिक बिकट आहे, आणि माझ्या मतें म्हणूनच अधिक शिकविणारा आहे.

वर्गांत हें काम कसें चालवावें? प्रत्येक विद्यार्थ्यास आठ-दहा लीळा वांटून द्याव्या व एकच तक्ता सर्वांनीं मिळून भरावा. पहिल्या स्तंभांत स्थलनाम पोथींत जसें आहे तसें, विभक्तीसह, अक्षरशः उतरून घ्यावें. दुसऱ्यांत त्याचें मूळ रूप, तिसऱ्यांत पाठभेद व ते कोणत्या प्रतींत आढळतात तें, चौथ्यांत दोन्ही छापील आवृत्तींतले लीळाक्रमांक, पांचव्यांत आजचें गांव, सहाव्यांत तें गांव तेंच हें कोणीं व कशाच्या आधारें ठरविलें. शेवटच्या स्तंभांत निश्चित, संभाव्य कीं अनिश्चित यांपैकीं एक शब्द. ही शेवटची दोन घरें रिकामीं ठेवणाऱ्याचें टिंब नकाशावर घेऊं नये, असा कडक नियम शिक्षकानें करावा. पोथीच्या संपादनांत आपण जें पथ्य पाळतों तेंच येथें पाळावयाचें आहे. छापील संहितेंतील प्रत्येक अक्षर हें संपादकाचें विधान असतें व तो त्याचा आधार तळटीपेंत देतो. नकाशावरील प्रत्येक टिंब हेंहि तसेंच एक विधान आहे. परंतु टिंब दिसावयास इतकें गोल, ठसठशीत व निःशंक असतें कीं, पाहणारा तळटीप मागावयाचेंच विसरतो. अनिश्चित स्थळांचें टिंब म्हणूनच पोकळ ठेवावें, भरीव नको.

पहिलाच स्तंभ भरतांना विद्यार्थ्याची परीक्षा होते. जुन्या मराठींत अधिकरणार्थी रूप वेगळ्या प्रत्ययानें होतें. तें ओळखतां आलें नाहीं तर गांवाचें नांव कोठें संपतें व प्रत्यय कोठें लागतो हें कळत नाहीं, आणि नसलेलेंच एक गांव तक्त्यांत येऊन बसतें. व्याकरणाच्या तासाला जो विद्यार्थी जांभया देतो तोच येथें प्रत्ययासाठीं भांडूं लागतो, कारण त्यावांचून त्याचें टिंब पडत नाहीं. मला या साधनाचा सर्वांत मोठा लाभ कोणता वाटत असेल तर तो हाच. नकाशा पाहण्यांत फारसें शिक्षण नाहीं. नकाशा करण्यांत आहे.

यापुढील पायरी स्थळांच्या प्रकारांची. पंथाच्या परिभाषेंत जेथें मुक्काम पडला तें अवस्थान, जेथें रात्र काढली ती वसति, जेथें घटकाभर बसले तें आसन, असे भेद आहेत. हे भेद तक्त्यांत आणले नाहींत तर महिनोगणती वास्तव्य झालेलें प्रतिष्ठान अथवा एळापुर, म्हणजे आजचें पैठण व वेरूळ, आणि वाटेंतला एखादा वटवृक्ष, हीं सारीं सारख्याच आकाराचीं टिंबें होऊन बसतात. मग वाचणाऱ्यास एकसारखी धांवपळ दिसते; ग्रंथांत मात्र दीर्घ विसावे आहेत.

एकांकाच्या बाबतींत तर विशेष सावध राहिलें पाहिजे. हा श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा भाग. त्या काळीं भक्त बरोबर नव्हते. त्या हकीकती पुढें त्यांनीं स्वतः सांगितल्या व ऐकणारांनीं ध्यानांत ठेविल्या. साहजिकच साळबर्डीचा डोंगर, आंध्र देशांतील ओरंगळ, अशीं मोठीं नांवें येतात व मधला मार्ग गळालेला असतो. पूर्वार्ध-उत्तरार्धांत मात्र बरोबर चालणाऱ्यांची साक्ष आहे व गोदातीरावरील लहान लहान गांवें एकापाठोपाठ येतात. संगणकास हा भेद कळत नाहीं. त्यास दोन टिंबें दिलीं कीं तो त्यांमध्यें सरळ रेघ ओढून मोकळा होतो, आणि ओरंगळाहून साळबर्डीपर्यंत नद्या, अरण्यें व डोंगर छेदून जाणारा एक राजमार्ग पडद्यावर उमटतो, ज्याचा ग्रंथांत गंधहि नाहीं. ही रेघ पुसून टाकावी. एकांकाचीं स्थळें वेगळ्या थरांत, वेगळ्या रंगानें व रेघेवांचून ठेवावीं. ऐकीव आठवण व पाहिलेली गोष्ट यांतील अंतर विद्यार्थ्यास यायोगें जितकें लवकर समजतें तितकें ग्रंथस्वरूपावरील व्याख्यानानें समजत नाहीं.

येथवर नकाशा हा वाचनाचा साहाय्यक होता. आतां तो पाठनिर्णयाचा साक्षीदार कसा होतो तें पाहूं. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असतात. राजवाडे, भावे प्रभृतींनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या लिपींची किल्ली अभ्यासकांच्या हातीं दिली हें सर्वश्रुत आहे. सकळींत एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर येतें. नेहमींचा शब्द वाचतांना एखादें अक्षर चुकलें तर अर्थ बिघडतो व वाचणारा थबकतो. संदर्भ आपोआप चूक दाखवून देतो. गांवाच्या नांवाचें तसें नाहीं. तेथें एक अक्षर चुकलें तरी जें उरतें तेंहि गांवाचेंच नांव शोभतें. लेखकाच्या हातून, उलगडणाऱ्याच्या हातून, छापणाऱ्याच्या हातून, अशा तिन्ही ठिकाणीं ही चूक निमूटपणें पुढें जाऊं शकते. अशा वेळीं मागचें गांव निश्चित, पुढचें गांव निश्चित, आणि मधलें संशयित असेल तर तें दोहोंच्या मध्यें, पायीं चालणाऱ्यास साधेल अशा अंतरावर असावयास हवें, ही एक नवी कसोटी हातीं येते. पाठभेदांतील दोन नांवांपैकीं एक त्या टापूंत सांपडतें व दुसरें सांपडत नाहीं, असें झालें म्हणजे पाठनिर्णयास बाहेरचा आधार मिळतो.

अंतर मोजतांना सरळ रेघ उपयोगी नाहीं. फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या अवकाशयानानें रडारच्या साह्यानें घेतलेलीं पृथ्वीच्या उंचसखलपणाचीं मापें सर्वांस खुलीं आहेत. त्यांवरून चढ-उतार हिशेबांत धरून कमी श्रमाची वाट काढण्याची सोय क्यूजीआयएसमध्यें आहे. बालाघाटाची चढण व गोदावरीचें पात्र यांनीं वाटा कशा वळविल्या असतील याचा कांहींसा अंदाज त्यावरून बांधतां येतो. पावसाळ्यांत नदीला उतार नसतो, ही गोष्ट मात्र विद्यार्थ्यानें स्वतःच ध्यानांत आणली पाहिजे.

ही कसोटी दुधारी आहे हें सांगितलेंच पाहिजे. गांव मधल्या टापूंत सांपडलें म्हणून पाठ खरा, आणि पाठ खरा म्हणून गांव तेंच, असें चक्र फिरूं लागलें तर त्यांतून बाहेर पडतां येत नाहीं. महाराष्ट्रांत पिंपळगांव, वडगांव, नांदूर या नांवांस तोटा नाहीं. कोणत्याहि टापूंत शोधलें तरी एखादें सांपडावयाचेंच. यास्तव स्थलनिश्चितीस दुसरा स्वतंत्र पुरावा हवा : स्थानपोथींतील वर्णनाशीं जुळणारें देवालय, कोरीव लेख, अथवा पंथीयांची अखंड चालत आलेली पूजा. भोगवर्धन म्हणजे भोकरदन, एळापुर म्हणजे वेरूळ, यांविषयीं वाद नाहीं. डोमेग्राम म्हणून श्रीरामपूर तालुक्यांतील कमालपूर दाखविलें जातें. तें गोदातीरीं आहे व तेथें पूजाहि चालू आहे. ज्या गांवांस असा कोणताच दुसरा आधार नाहीं त्यांचें टिंब पोकळच राहिलें पाहिजे.

याहून निराळा घोटाळा आपल्याच काळानें केला आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं धरण पुरें झालें. नाथसागराच्या पाण्याखालीं गोदाकांठचीं पुष्कळ गांवें गेलीं व त्यांचें पुनर्वसन दुसरीकडे झालें. नवीं वसलेलीं गांवें बहुधा जुनींच नांवें लावतात. लीळाचरित्रांतील बरीच हालचाल याच गंगातीराची. विद्यार्थ्यानें संगणकास गांवाचें नांव पुसलें असतां तो त्यास नव्या वसाहतींत नेऊन सोडतो. जुन्या घाटाची व देवळाची जागा कांहीं मैलांवर पाण्यांत असते. नांव तेंच, जिल्हा तोच, टिंब मात्र साफ चूक. यावर उपाय जुन्या नकाशांचा. भारतीय सर्वेक्षण खात्याचे एक इंचास एक मैल या मापाचे जुने नकाशे जेथें मिळतील तेथें मिळवावे. पैठण ४७ एम या विभागांत येतें. ते न मिळाल्यास अमेरिकेच्या लष्करी नकाशा-खात्यानें विसाव्या शतकाच्या मध्यास छापलेली एकास अडीच लक्ष या मापाची मालिका टेक्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयानें सर्वांसाठीं खुली ठेविली आहे. धरणापूर्वीचें नदीपात्र तींत स्पष्ट दिसतें.

जुन्या नकाशाचें छायाचित्र आजच्या नकाशावर बसविणें ही एक कलाच आहे. दोन्ही नकाशांवर न हललेल्या खुणा, म्हणजे देवळाचें शिखर, किल्ल्याचा बुरूज, रेल्वेचा पूल, टेकडीवरील त्रिकोणमापनाचें चिन्ह, अशा दहा-बारा तरी शोधून जोडाव्या. मग आज्ञावली उरलेला कागद ताणून जागीं बसविते. खुणा एकाच कोपऱ्यांत घेतल्या तर दुसरा कोपरा फाटल्यासारखा सरकतो. आणखी एक बारकावा असा कीं, आपले जुने नकाशे एव्हरेस्टच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भूगोलाकृतीवर आधारलेले आहेत व उपग्रहांचीं मापें डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या आकृतीवर. हा फरक आज्ञावलीस सांगितला नाहीं तर सारी स्थळें एका बाजूस सरकतात. सबंध महाराष्ट्राच्या नकाशावर हें सरकणें डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु एकाच आवारांतील दोन देवळांतलें अंतर सांगणाऱ्या स्थानपोथीला तें चालण्यासारखें नाहीं.

नांवांची अदलाबदल हा जुनाच रोग आहे. औरंगाबाद जिल्हा २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झाला व अहमदनगरचें अहिल्यानगर २०२४ मध्यें झालें. कोलत्यांच्या टीपांतील जिल्हा-तालुके यांमुळें आतां शोधावे लागतात. तक्त्यांत म्हणून प्रत्येक स्थळास स्वतःचा कायमचा क्रमांक द्यावा व नांवें, किती का होईनात, त्या क्रमांकाखालीं नोंदवावीं. ऋद्धिपूर, परमेश्वरपूर, रिद्धपूर, रितपूर हीं चार नांवें व एक क्रमांक.

स्थानपोथीचा उपयोग मी येथपर्यंत पुराव्यासाठीं सांगितला. वर्गांत तिचा सर्वोत्तम उपयोग वेगळाच आहे. एका गांवाचें वर्णन विद्यार्थ्यांस द्यावें व उपग्रहाचें चित्र न दाखवितां केवळ शब्दांवरून देवळांचा आराखडा काढावयास सांगावें. वीस विद्यार्थ्यांचे वीस आराखडे निघतात. दार पूर्वेस म्हणजे पौळीचें कीं गाभाऱ्याचें? आग्नेयेस म्हणजे या देवळाच्या कीं मागच्या वाक्यांतल्या? पटिसाळ आंत धरावयाची कीं बाहेर? ज्या वाक्यांवरून मुकाट्यानें नजर सरकून गेली असती त्यांवर तासभर वाद होतो. शब्दाचा अर्थ कोशांत पाहून भागत नाहीं. तो जमिनीवर कोठें पडतो हें दाखवावें लागतें. मग चित्र उघडावें. जेथें देऊळ अद्याप आहे तेथें कोणाचा आराखडा खरा ठरला तें दिसतें, आणि जेथें नाहीं तेथें सर्व आराखडे, आधारांसह, निरनिराळ्या थरांत तसेच ठेवून द्यावे.

सीमारेषेचा प्रश्न मात्र मला या साधनाच्या शक्तीबाहेरचा वाटतो. शिष्यांनीं महाराष्ट्रांत राहावें या आज्ञेवर पुढील टीकाकारांनीं महाराष्ट्र म्हणजे कोणता देश याची चर्चा केली आहे, व मराठी बोली जेथवर चालते त्या मुलुखाचीं मंडळें कल्पिलीं आहेत. ॲन फेल्डहाउस यांनीं २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत या कल्पनेचा सुंदर परामर्श घेतला आहे. विद्यार्थ्यांस हें सांगितलें कीं ते उत्साहानें रंगीत चौकटी आंखूं लागतात. परंतु त्या लेखकांच्या मनांतील देश कांठापासून मोजलेला नाहीं. तो नद्यांच्या कांठांनीं, घाटांनीं, क्षेत्रांनीं व बोलीनें ओळखलेला आहे. त्यास धारदार कड लावली म्हणजे आजच्या राज्यसीमेची कल्पना सातशें वर्षें मागें ढकलल्यासारखें होतें. तेथें रंग न भरतां नुसतीं नांवें विरळ अक्षरांत पसरून लिहावीं, जुने नकाशाकार लिहीत तशीं.

सर्वच ग्रंथांस नकाशा सारखा मानवतो असेंहि नाहीं. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा 'माझा प्रवास' घ्या. १८५७ सालीं निघालेल्या या भिक्षुकानें आपली हकीकत १८८३ सालीं लिहिली. चिंतामणराव वैद्यांनीं ती फेरफार करून १९०७ सालीं छापली. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आलें व त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनीं मूळबरहुकूम आवृत्ति १९६६ सालीं काढली. या दोन आवृत्तींचे दोन थर करून एकमेकांवर ठेवणें हा वर्गासाठीं उत्कृष्ट अभ्यास आहे. वैद्यांनीं काय गाळलें, काय सारखें केलें, हें स्थळाला धरून चटकन् सांपडतें. परंतु प्रवासाची रेघ पाहून कोणास वाटेल कीं हा मजल-दरमजलीचा ग्रंथ आहे. वस्तुतः त्याचा प्राण झांशीस आहे, १८५८ च्या मार्च-एप्रिलांतील वेढ्यांत व त्यानंतरच्या कत्तलींत. नकाशावर झांशी म्हणजे एक टिंब! शेंकडों मैलांची वाट चार पानांत संपते आणि तटाच्या आंतल्या थोड्या जागेंत पानेंच्या पानें जातात. यासाठीं टिंबाचा आकार पृष्ठसंख्येच्या प्रमाणांत ठेवण्याची युक्ति करतां येते व ती उपयुक्त आहे. तथापि जीव मुठींत धरून बसलेल्या माणसाच्या घटका मोठ्या टिंबानें मोजल्या जात नाहींत. तेथें नकाशा मिटून पुस्तकच वाचावें.

या सर्व खटाटोपांत इतकी काटेकोर वृत्ति कशाला, असें कोणी म्हणेल. विद्यार्थ्याच्या वहींतील चूक वहींतच राहते. सार्वजनिक नकाशावरील चूक राहत नाहीं. एकानें ठेविलेलें टिंब दुसरा उचलतो, तिसरा त्यावरून मार्गदर्शिका काढतो, आणि थोड्याच वर्षांत तें 'सर्वत्र आढळतें' म्हणून प्रमाण होऊन बसतें. इकडे मूळ जागा बदलत असतात. जुनीं देवळें पाडून त्यांच्या जागीं संगमरवरी मंदिरें उठतात. ओटे नव्या फरशींत बुजतात. कोणाच्या मनांत वाईट नसतें, श्रद्धाच असते, पण पौळी व पटिसाळ नाहींशी होते. मग उरतो तो पोथीचा शब्द. तो शब्द कोणत्या प्रतींत कसा आहे हेंच जर नोंदलेलें नसेल, तर पुढील पिढीस चुकीचें टिंब खोडून काढावयास कांहींच साधन राहणार नाहीं. रिद्धपुरास आतां मराठी भाषेचें विद्यापीठ झालें आहे; असा साधार नकाशा सिद्ध करण्यास त्याहून योग्य जागा नाहीं. परंतु त्यास लागणारा कच्चा माल संग्राहकांच्या कपाटांत आहे.

स्थानपोथीच्या, तीर्थमालिकांच्या व लीळाचरित्राच्या ज्या प्रती खासगी रुमालांत आहेत त्यांची सूचि करतांना साधारणतः ग्रंथनाम, पत्रसंख्या, लिपि व लेखनकाल एवढें लिहिलें जातें. त्यांत आणखी तीन गोष्टी घालाव्या. पोथींतील स्थलनामांची यादी, जशी असेल तशी, शुद्ध न करतां. ज्या पत्रांवर तीं नांवें आहेत त्यांचीं छायाचित्रें. आणि पुष्पिकेंतील लेखनस्थळ. हें शेवटचें विशेष महत्त्वाचें. पंथाचे मठ पंजाबांत व त्यापलीकडे पेशावर-काबूलपर्यंत पसरलेले होते. मराठी न बोलणाऱ्या मुलुखांत बसून मराठी पोथ्या उतरल्या गेल्या. ज्यानें गोदावरी कधीं पाहिली नाहीं त्या लेखकाच्या हातून गोदातीरच्या खेड्याचें नांव चुकणें स्वाभाविक, आणि पैठणच्या आसपास उतरलेल्या प्रतींतलें नांव अधिक भरंवशाचें असण्याचा संभव आहे. पाठभेदांचा तक्ता व लेखनस्थळांचा थर एकत्र पाहिल्यावांचून या अनुमानाची परीक्षा होणार नाहीं.

पोथी कोणाच्या घरीं आहे हें मात्र नकाशावर कदापि दाखवूं नये. चोरीचें भय आहेच. शिवाय पुष्कळ मालक याच भीतीनें छायाचित्र घेऊं देत नाहींत. सूचींत संग्राहकास क्रमांक द्यावा, स्थळाच्या घरांत फार तर जिल्हा लिहावा, आणि पुष्पिकेंतील गांव व आजच्या मालकाचें गांव हे दोन स्तंभ एकमेकांत मिसळणार नाहींत एवढी काळजी घ्यावी.